दार लावून विचारणारी वकील

लेक खोटं बोलेल अशी भीती आईला कधीच वाटली नाही. तिची भीती उलटी होती. येत्या सोमवारी वकिलांच्या शिस्तपालन समितीपुढे लेक उभी राहील, खरं बोलेल, विचारलं तेवढंच बोलेल, आणि ज्या एका गोष्टीने तिची वकिलीची सनद वाचेल, नेमकी तीच गिळून बसेल. हा विचार आईच्या डोक्यातून हलायला तयार नव्हता. कपडे वाळत घालताना तो असायचा, दूध उतू जाताना असायचा. खरं तर दूध उतू जायचं ते त्याच्यामुळेच.

"सनद गेली तर जाईल," लेक परवा म्हणाली. छत्री हरवली तर हरवेल म्हणावं, तसं. "उपाशी नाही मरणार मी. शिकवण्या घेईन."

"आणि एवढी वर्षं खपलीस ती?"

"ती थोडीच कुणी परत मागतंय."

विषय संपला. लेकीचे विषय असेच संपतात. दार आपटत नाही, नुसतं लागतं.

घरात तिला मुंगी म्हणतात. लहानपणी अंगाने इवलीशी, पण उचलायला जायची ते नेहमी आपल्याहून मोठं. शेजारच्या काकूंची पाण्याची बादली, वर्गातल्या आजारी मुलीचं दप्तर, गल्लीतल्या दांडगट पोरांची भांडणं. सगळं हिच्याच डोक्यावर. बाबा पाणीपुरवठा खात्यात होते. ते म्हणायचे, "ही मोठी झाली की एक तर वकील होईल, नाहीतर हमाल." आईने डोळे वटारले की पुढे जोडायचे, "दोन्ही कामं सारखीच गं. हमालाचं ओझं संध्याकाळी उतरतं, एवढाच फरक."

ती वकील झाली. परीक्षेत वरचा नंबर आला आणि शहरातल्या एका मोठ्या कचेरीत नोकरी लागली. काचेची इमारत, पायाखाली मऊ गालिचे, आणि काम काय तर एका कंपनीने दुसरीला गिळताना कागद नीट लिहायचे. आईला त्यातलं काही कळत नव्हतं, पण बागेतल्या बाकावरच्या मैत्रिणींना सांगताना कळत असल्यासारखं वाटायचं. पोरगी मार्गी लागली होती, गंगेत घोडं न्हालं होतं. आईने काळजी करायला दुसरं काहीतरी शोधायला घेतलं.

त्या कचेरीचा एक रिवाज होता. नव्या वकिलांनी महिन्यातून एक दुपार वृद्धाश्रमात जाऊन बसायचं आणि म्हाताऱ्या माणसांची कागदपत्रं फुकट करून द्यायची. बहुतेक जण ती दुपार घड्याळाकडे बघत काढायचे. मुंगीचं टेबल लागलं ते एका साठीला टेकलेल्या वकीलबाईंच्या शेजारी. जाड चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, आणि बोलणं असं की न्यायाधीशसुद्धा पाठ न झालेल्या पोरासारखे चुळबुळायचे. त्यामुळे सगळं न्यायालय त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. म्हाताऱ्यांची मृत्युपत्रं, त्यांचे मुखत्यार, त्यांना सांभाळणारे आणि सांभाळतो म्हणून लुटणारे, ह्याच्यापलीकडे बाईंनी दुसरी वकिली केली नव्हती.

तिथे एक निवृत्त शिक्षिका आली, सोबत तिचा भाचा. काम सोपं दिसत होतं. मावशीने भाच्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र द्यायचं, म्हणजे पुढे तिचे सगळे व्यवहार तिच्या वतीने तो करणार. मुंगी प्रश्न विचारत होती मावशीला, आणि उत्तर येत होतं भाच्याकडून.

"घर विकायचं आहे का?"

"विकायचंच ना. बंद घराला काय करायचं, वाळवी लागते. हो की नाही गं मावशी?"

मावशीची मान हलली. मुंगीने 'होकार दिला' असं लिहिलं. पुढचा प्रश्न, पुन्हा भाचा, पुन्हा मान. शेजारच्या टेबलावरून बाई चष्म्याच्या वरून बघत होत्या. त्या उठल्या आणि भाच्याला म्हणाल्या, "अहो, खाली कुणाच्या तरी दारात गाडी लावलीय, लोक बोंब मारतायत. तुमची तर नाही?" भाचा धावला. कुठली गाडी नि कुठलं काय. बाईंनी दार लावून घेतलं, मावशीसमोर खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा."

मावशीने आधी पाणी मागितलं. ते पिऊन झाल्यावर मुंगीकडे बोट दाखवलं. "हिने सगळीकडे हो लिहिलंय. मी एकदाही हो म्हटलं नाही. माझ्या मानेला कंप आहे, पोरी. आजारच आहे तो. ती माझ्या मनात असो नसो, हलतेच."

मुंगीच्या तोंडचं पाणी पळालं. कंपन्या गिळायचे कागद बिनचूक लिहिणारी ती, आणि समोरच्या म्हातारीच्या आजाराला तिने सही-शिक्क्याचा होकार करून टाकलं होतं. कागद फाडला गेला, घर वाचलं, भाचा पाय आपटत गेला. पण मुंगीच्या मनातून ती मान जाईना. घरी तिने एवढंच सांगितलं, आणि काही दिवसांतच काचेच्या इमारतीतली नोकरी सोडून बाईंच्या हाताखाली रुजू झाली.

आईने जेवण सोडायची धमकी दिली. बाबा म्हणाले, "लोक जिना चढायला धडपडतात. आपली पोरगी पहिली, जी उतरायला धडपडते." पण रागावले नाहीत. उलट बाईंच्या कचेरीतला गळका नळ स्वतः जाऊन दुरुस्त करून आले.

बाईंनी तिला घडवलं. कायदा पुस्तकात होताच, पुस्तकात नसलेलं बाई शिकवायच्या. म्हातारा माणूस आला की मालमत्तेचं आधी विचारायचं नाही. झोप कशी लागते ते विचारायचं. ज्याची झोप उडालीय त्याला कुणीतरी काहीतरी करायला लावतंय, असं समजून पुढे चालायचं. मृत्युपत्रात ज्याला काही मिळायचंय त्याला साक्षीदार करायचं नाही, त्याच्या नवऱ्याबायकोलाही नाही. एका जावयाने सासऱ्याचं मृत्युपत्र घरच्या घरी, कुणालाही न विचारता, आपल्या भारी पेनाने लिहून काढलं होतं. वर साक्षीदार म्हणून झोकात सही ठोकली, आणि त्या सहीने स्वतःच्याच बायकोचा वाटा रद्द करून बसला. "त्याचं अक्षर मात्र सुंदर होतं," बाई सांगायच्या. "त्याची बायको अजून त्या अक्षराला शिव्या घालते."

एक गोष्ट मात्र मुंगीने बाईंची घेतली नाही. खोटी गाडी. म्हाताऱ्या माणसाशी एकटं बोलायचं हे तिला शंभर टक्के पटलं, पण त्यासाठी थाप मारणं तिच्या रक्तातच नव्हतं. तिने स्वतःची कचेरी थाटली तेव्हा पहिला नियम तोच केला. सोबत कुणीही येवो, मुलगा, सून, डॉक्टर, पुढारी, ती तोंडावर सांगणार, "तुम्ही बाहेर बसा. मी ह्यांच्याशी दार लावून बोलणार आहे." कुणाला राग येतो, कुणी उठून जातं. बाई म्हणायच्या, "अगं, थोडं गोडीने घे. एवढं नाकासमोर चालशील तर भिंतीवर आपटशील."

"मग भिंत बाजूला होईल," मुंगी म्हणायची.

कचेरी तिने तळमजल्यावर घेतली, दातांच्या डॉक्टरच्या मागच्या अंगाला, कारण जिने म्हाताऱ्यांचे वैरी. खुर्च्या सगळ्या हातांच्या, म्हणजे उठताना रेटा देता येतो. कागद मोठ्या टायपात. प्रत्येकाला दोनदा यायला लावते, एकदा बोलायला आणि एकदा सही करायला. मध्ये निदान एक झोप झाली पाहिजे, असं तिचं म्हणणं. झोपेतून उठल्यावरही माणसाला तेच हवं असेल, तर ते त्याचं स्वतःचं. नातेवाइकांकडे गेली तरी तिची नजर आधी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर जाते. एका आत्याला ती पाहुणचार सोडून आधाराची दांडी कुठे ठोकायची तेच दाखवत बसली होती. आत्या अजून ऐकवते, "तुझ्या लेकीने माझं वय भिंतीवर खुणा करून दाखवलं."

आणि घरी कचेरीतलं एक अक्षर नाही. कोण आलं, का आलं, आईने कितीही आडून विचारलं तरी कानावर हात. "आई, लोकं मला सांगतात ते माझ्याकडे ठेवायला देतात. दाखवायला नाही." सुरुवातीला आईचं पोट फुगायचं. पुढे सवय झाली. नियमाचा अभिमानही वाटू लागला, आणि ती स्वतःही त्या नियमात कधी सामील झाली, ते तिचं तिलाच कळलं नाही.

म्हणूनच छापखानेवाले एक आजोबा कचेरीत आले त्या दिवशी जे घडलं, ते आईने कुणालाही सांगितलं नव्हतं. लेकीलासुद्धा.

त्या दिवशी मुंगी डबा विसरून गेली होती. आई तो घेऊन कचेरीत पोचली तर कारकून रजेवर, बाहेरची खोली रिकामी, आतलं दार बंद. आई खुर्चीत टेकली. नंतरच्या गडबडीत जे विसरलं गेलं ते हेच, की त्या दोन खोल्यांच्या मध्ये भिंत नव्हती, प्लायवुडचं पार्टिशन होतं. मुंगीचा दारावर इतका विश्वास, की दार लागलं म्हणजे बोलणं आत राहिलं असं ती धरून चालायची. एरवी राहायचंही. पण त्या दिवशी आत बसलेल्या माणसाने उभा जन्म छपाई यंत्रांच्या खडखडाटात काढला होता. कानात यंत्र नसेल तर कानाशी ओरडल्याशिवाय त्याला काही ऐकू येणार नाही, आणि आपण बोलतोय ते कुजबुजतोय की ओरडतोय हेही कळणार नाही.

"म्हणजे यंत्र बंद पडलेलं नाही?" लेक घसा फोडून विचारत होती.

"छे. ठणठणीत आहे. सेल मीच काढलाय, हा बघ खिशात. धाकटा पोरगा दुकान शोधेपर्यंत आपण बोलून घेऊ."

"मग घाला की तो आता. मला ओरडावं लागतंय."

"काय?"

"सेल घाला."

"आणि तो मध्येच आला म्हणजे? राहू दे बाहेरच."

"आजोबा, मी त्यांना सरळ सांगणार होते, बाहेर बसा म्हणून."

"तू सांगशील गं. तुझं काय जातंय? बापाने आपल्याला दाराबाहेर बसवलं, हे त्याला जन्मभर सलेल. सेल आणायला गेला म्हणजे बापाचं काम केल्यासारखं वाटेल. मोठा गेला तेव्हापासून तो तसाच झालाय. हळवा आणि हट्टी. दोन्ही एकदम असलं की फार जड जातं."

पुढचं सगळं आईला ऐकू आलं. मोठा मुलगा तरुणपणी गेला. त्याची बायको माहेरी परतली नाही, सासऱ्याचं बघत राहिली. त्यांची आजारपणं तिने काढली, यंत्रं बंद पडल्यावर उरलेला छापखाना तिने निस्तरला. आजोबांना हवं होतं ते एवढंच, की त्यांच्या मागे सुनेला त्या घरातून कुणी ऊठ म्हणू नये. ती आहे तोवर तिची खोली, तिचं स्वयंपाकघर, मागच्या अंगणातली तिची झाडं. ती गेल्यावर घर धाकट्याचं.

"म्हणजे तहहयात राहण्याचा हक्क तिला आणि मालकी धाकट्यांना," लेकीने ओरडून सांगितलं.

"तुमच्या भाषेत काय म्हणतात ते तू बघ. घर पोराचंच आहे. पण ती दमलीय. तिला निवांत बसू दे, मग तो बसेल. आणि हे सेलचं त्याला कधी कळू देऊ नकोस. बापाने गंडवलं असं कळलं तर मोडेल तो. एवढं पोटात ठेव."

"ठेवते."

"काय?"

"ठेवते म्हटलं," लेक अशी ओरडली, की बाहेर आई दचकून उभीच राहिली. दुसऱ्याच्या घरात चुकून शिरल्यासारखं तिला झालं. तिने डबा कारकुनाच्या टेबलावर ठेवला आणि पाय न वाजवता बाहेर पडली. फाटकापाशी एक पन्नाशीतला माणूस घाईघाईने येत होता, हातात सेलचं पाकीट. त्याने तिच्यासाठी फाटक उघडं धरलं. भला वाटला. आई त्याच्याकडे बघू शकली नाही.

आजोबा पुन्हा आले, नीट कानात यंत्र घालून, आणि त्यांनी मृत्युपत्रावर सही केली. साक्षीदार म्हणून कारकून होता आणि दातांच्या डॉक्टरची मदतनीस होती. आजोबांचं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखलाही जोडला. वर्ष उलटायच्या आत आजोबा गेले.

मृत्युपत्र वाचल्यावर धाकट्याला घर हातातून गेल्यासारखं वाटलं. त्यापेक्षा जास्त, बाप हातातून गेल्यासारखं. आपल्याला न सांगता त्यांनी हे केलंच कसं, हे कोडं त्याला सुटेना. तेव्हा त्याला तो दिवस आठवला. बापाच्या कोटाच्या खिशात नंतर एक सेल सापडला होता, तो त्याने यंत्रात घालून बघितला होता, आणि यंत्र झकास चाललं होतं. म्हणजे सेल संपलेलाच नव्हता. आणि 'यंत्र बंद पडलंय वाटतं, सेल बघता का' असं त्याला म्हणालं कोण होतं? वकीलबाई. आजोबांनी कानाला हात लावून मान हलवली आणि मुंगीने सरळ मनाने तसं म्हटलं होतं. तीही फसलेलीच होती. पण धाकट्याच्या हिशेबात चोर सापडला. त्याने तक्रार केली. वकीलबाईंनी थाप मारून मला घालवलं, बहिऱ्या म्हाताऱ्याला एकटं गाठलं आणि वहिनीला हवं ते त्याच्या तोंडी घातलं. हे सिद्ध झालं तर सनद जाईल. आणि ज्या मृत्युपत्राची वकीलच खोटी ठरली, ते न्यायालयात किती टिकेल, हे आईसारख्या रसायनशास्त्र शिकलेल्या बाईलाही कळत होतं.

साऱ्या जन्मात एकदाही थाप न मारलेल्या पोरीवर थापेचा आळ. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी.

तक्रारीचं कळलं त्या आठवड्यात आईने लेकीला जेवताना गाठलं.

"त्यांनी विचारलं, सेलचं काय, तर काय सांगशील?"

"मला तेव्हा जे वाटलं ते मी म्हणाले, असं सांगेन."

"आणि खिशातल्या सेलचं?"

"त्याबद्दल मी बोलू शकत नाही, असं सांगेन."

"अगं, म्हणजे कबूलच केल्यासारखं."

"अशील मेला म्हणून त्याचं गुपित माझ्या मालकीचं होत नाही, आई."

"आणि समजा, त्यांनी तो स्वतःच काढून ठेवला असेल तर?"

लेकीचा घास थांबला. तिने आईकडे असं बघितलं, की आईला वाटलं, आता कळलं हिला. पण ती एवढंच म्हणाली, "असे अंदाज बाहेर कुठे बोलू नकोस. त्यांच्या पोराच्या कानावर जाईल." आणि ताट घेऊन उठली.

म्हणजे मेलेल्या माणसाला दिलेला शब्द ही पाळणार, आणि त्यापायी जिवंतपणी बुडणार. बाईंनी तिचं वकीलपत्र घेतलं होतं. त्यांनी काठी आपटून आपटून विचारलं, "माझ्यापासून काय लपवतेस?" त्यांनाही उत्तर मिळालं नाही. जाताना बाई आईला म्हणाल्या, "नोंदी आहेत, पण त्या तिच्याच हातच्या. त्या बंद दाराआड दोघं होती. एक गेला आणि एक बोलत नाही. तिसरं कुणी असतं, तर मी त्या तक्रारीचा भुगा केला असता."

आईने फाटक लावलं आणि तशीच उभी राहिली. तिसरं कुणी होतं.

तिने ते बाबांना सांगितलं. सगळं, पार्टिशनसकट. बाबा ऐकत होते, हातातला स्क्रू तसाच बोटांत धरून.

"तू साक्ष देणार?" ते शेवटी म्हणाले. "तू बसमध्ये थांबवा म्हणायला लाजतेस. पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत येतेस."

"येते. पण घरी पोचते ना?"

बाबा हसले नाहीत. "आईची साक्ष कोण धरणार गं? म्हणतील, पोरीसाठी बोलतेय."

"म्हणू देत. मी त्यांना सांगेन, आजोबा 'काय?' म्हणाले कितीदा आणि कशावर. मागच्या अंगणातल्या झाडांचं सांगेन. ते कुठल्या कागदावर नाही आणि मी त्या घरात पाऊल ठेवलेलं नाही. धाकट्याने फाटक उघडं धरलं, त्याच्या हातात पाकीट होतं, ते त्यालाच विचारा म्हणेन."

"आणि मुंगीचं? अशिलाचं बोलणं बाहेरच्या खोलीत ऐकू जातं, हे तू समितीपुढे मांडणार. तिची ती चूक आहेच. सेल घातल्याशिवाय तिने एक शब्द बोलायला नको होता. त्याची शिक्षा होईल तिला."

हे आईनेही घोळवून घोळवून बघितलं होतं. ठपका येईल. कदाचित काही काळ काम बंद ठेवायला सांगतील. लेक, जिला आपल्या दाराचा एवढा भरवसा, तिला सगळ्यांसमोर ऐकावं लागेल की तुझं दार पोकळ होतं. ते सांगणारी तिची आई असेल. पण ती चूक तिने खरोखर केलेली आहे. केलेल्या चुकीचं ओझं मुंगी उचलेल, तेवढा दम तिच्यात आहे. न केलेल्या थापेचं ओझं तिने का उचलायचं?

"आणि आजोबांचा शब्द?" बाबांनी हळू विचारलं.

इथेच आई इतके दिवस अडून बसली होती. तो भला माणूस होता, पोराला लागू नये म्हणून स्वतः ठार बहिरा होऊन बसला होता. त्याची ती खटपट उधळून लावायची, तीही चोरून ऐकलेल्या बोलण्यावर. पण त्या दिवशी आजोबांनी दोन गोष्टी मागितल्या होत्या. सुनेला कुणी ऊठ म्हणू नये, ही पहिली. पोराला सेलचं कळू नये, ही दुसरी. ते जिवंत होते तोवर दोन्ही जमत होत्या. आता धाकट्याने तक्रार करून एकीला दुसरीच्या आड आणलं होतं. दुसरी सांभाळली तर मृत्युपत्र जाईल, आणि त्या सुनेला उतारवयात बोचकं बांधावं लागेल. आजोबांना ह्यातलं एकच निवडायला सांगितलं असतं, तर त्यांनी काय निवडलं असतं, ह्याबद्दल आईला तिळमात्र शंका नव्हती. आणि धाकट्याचं म्हणाल, तर तो आत्ताही मोडलेलाच आहे. एका परक्या बाईने आपल्याला बापापासून तोडलं, असं समजून जगतोय. बापाने गंडवलं ते आपल्याला लागू नये म्हणून, हे ऐकून तो रडेल. रडू दे. त्याच्या आत्ताच्या रागापेक्षा ते रडणं बरं.

"मी बोलणार," ती म्हणाली. "माझी दातखीळ बसली तर बसली. लिहून देईन, पण गप्प नाही बसणार."

"मुंगीला विचार आधी."

"विचारणार नाही. विचारलं तर ती नाही म्हणेल, आणि मग तिचं नाही मोडून मला जावं लागेल."

"म्हणजे थेट बाईंना सांगणार?"

आई फोनपाशी गेली. बाईंचा नंबर समोरच लिहिलेला होता. तिने निम्मा नंबर फिरवला आणि रिसीव्हर खाली ठेवला. आपली लेक सगळी वकिली कशासाठी करते? माणसाच्या पाठीमागे त्याच्या भल्याचं कुणी परस्पर ठरवू नये, एवढ्यासाठीच. त्या लेकीच्या भल्याचं आईने तिच्या पाठीमागे ठरवलं, तर तिच्यात आणि त्या भाच्यात फरक काय राहिला?

"बाईंना नंतर," ती म्हणाली. "आधी तिला. परवानगी नाही मागणार. मी त्या दिवशी कुठे बसले होते ते सांगेन, आणि सोमवारी मी येतेय हे सांगेन. रागावली तर तोंडावर रागावू दे."

"अगं, कचेरीत अशील असेल समोर. तासाभराने कर."

"तासाभराने माझा धीर सुटेल," आई म्हणाली. तिने खुर्ची ओढली, पाठ ताठ केली आणि लेकीच्या कचेरीचा नंबर लावायला घेतला.